गॉसफर्थचा क्रूस: विजय कोणाचा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टवरचा लेख वाचला. तळी आणि डॅफोडिल्स पाहून बहुतेक मंडळी माघारी फिरतात. लेखकाने वाट वाकडी करून गॉसफर्थ गाठले, याचे कौतुक वाटले. पण तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारातला दगडी क्रूस म्हणजे ‘जुन्या देवांवरच्या विजयाची खूण’, हे त्यांचे वाक्य काही पटले नाही.

लेकीकडे गेलो असताना भर पावसात मी तो पाहिला आहे. तांबूस वालुकाश्माचा, साडेचौदा फूट उंच. बुंधा गोल, वर चौकोनी होत गेलेला आणि इतका सडपातळ की हजार वर्षे उभा कसा राहिला याचेच नवल वाटावे. काळ दहाव्या शतकाचा. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले लोक त्या भागात स्थिरावले होते. पूर्वेच्या बाजूला हात पसरलेला येशू आहे, त्याच्या खाली भालाईत आणि घोळदार वस्त्रातली एक स्त्री. पण त्याच बाजूला वर विदार हा नॉर्स देव राक्षसी लांडग्याचा जबडा फाडतो आहे. म्हणजे जुना देव इथे हरलेला नाही, जिंकतो आहे!

पश्चिमेला बांधून घातलेला लोकी, नॉर्स कथांमधला कपटी खोडसाळ, दिसतो. तोही त्या जुन्या देवांचाच कैदी. शेजारी त्याची बायको सिगिन. सापाचे विष नवऱ्यावर पडू नये म्हणून तिने वाडगे धरले आहे. ते भरले की ओतायला तिला बाजूला व्हावे लागते, तेवढ्यात थेंब पडतात, लोकी तळमळतो आणि धरणीकंप होतो, अशी कथा. स्नोरी या लेखकाने आइसलँडमध्ये ती लिहून ठेवली १३व्या शतकात. दगडावर ती त्याच्या सुमारे ३०० वर्षे आधीची!

लोकी म्हणजे सैतान, त्याला बांधले, असा ख्रिस्ती अर्थही अभ्यासक लावतात, तो मला मान्य आहे. पण मग विदार येशूच्या बाजूचा ठरतो, विरोधातला नव्हे.

जाता जाता, चर्चच्या आत असलेल्या, घराच्या छपरासारख्या दिसणाऱ्या थडग्यांच्या दोन शिळा लेखात राहून गेल्या. आणि गॉसफर्थ दूर वाटले तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या क्रूसाची १८८२ मधली प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिला त्यानंतरचा पाऊस लागलेला नाही.

— एक वाचक, ठाणे