पोल म्हणजे ड्रोन नव्हे

महोदय,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या वास्तूच्या दारात पहारेकऱ्याने मला अडवलं. हातात अठरा फुटी टेलिस्कोपिक पोल, टोकाला छोटा कॅमेरा. "ड्रोनला बंदी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, अहो, हा उडत नाही, याचं बूड माझ्या पायाशी आहे. "वरून फोटो निघतो ना? मग तेच." त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडच्या सूचनांत पोलबद्दल एक अक्षर नव्हतं. ते यावं म्हणून हे पत्र.

पुण्यात ड्रोनवर कडक निर्बंध हवेतच. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय इथलंच. २०२१ च्या ड्रोन नियमांत ड्रोन कुठे उडवता येईल यासाठी हिरवे, पिवळे आणि लाल विभाग आखून दिले आहेत, पण ते उडणाऱ्या यंत्रांसाठी. माझा पोल जमिनीवर टेकलेला असतो आणि दुमजली वाड्याच्या कौलांपर्यंतही पुरता पोचत नाही.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. नऊ वर्षं पेठांमधल्या वाड्यांचे दर्शनी भाग टिपतो आहे. आपल्या वाड्यांचं खरं काम बरेचदा वर असतं. खाली दुकानांच्या पाट्या, शटर, वायरींचा गुंता. वर मात्र सज्जा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, तुळईखाली लोंबणारं लाकडात कोरलेलं केळफूल. बोळ जेमतेम दहा फुटांचा, मागे सरकायला जागा नाही. रस्त्यावरून कॅमेरा वर रोखला की भिंत मागे कलल्यासारखी दिसते, उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. कॉम्प्युटरवर त्या सरळ करता येतात, पण त्यात वरचा भाग ताणला जातो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती नक्षीच पुसट होते. तीस फुटी भिंतीसमोर कॅमेरा पंधरा फुटांवर नेऊन सरळ धरला, की रेषा ओळंब्यात येतात. मोबाइलवर चित्र बघायचं, बटण दाबायचं, दोन पावलं सरकायचं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग घेतला आणि भिंतीशी एक मीटरची पट्टी ठेवली, तर त्यावरून पुढे मापासह नकाशा काढता येतो.

दोन वर्षांपूर्वी शनिवार पेठेतल्या एका वाड्यावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, रहदारी सुरू होण्याआधी, मी तिथे पोल उभा केला. पहिल्या मजल्यावरच्या केळफुलाच्या एका पाकळीआड लाकडात कोरलेला पोपट होता. चोच तुटलेली, डोळ्याच्या खाचेत कधीतरी दिलेल्या निळ्या ऑइलपेंटचा थर. त्या घरात जन्म काढलेल्या काकूंनाही तो ठाऊक नव्हता. रस्त्यावरून तो दिसतच नसे. आठवड्याभरात वाडा उतरवला, लाकूड वखारीत गेलं. पोपट आता फक्त माझ्याकडच्या फोटोत आहे. काकूंनी त्याची प्रत फ्रेम करून नव्या फ्लॅटमध्ये लावली आहे.

लोकांची हरकत मला समजते. नारायण पेठेत एका आजींच्या गॅलरीसमोर अचानक कॅमेरा आला आणि त्या ओरडल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी जिना चढून वर गेलो, फोटो दाखवले, त्यांचे होते ते त्यांच्यासमोर पुसले. तेव्हापासून आधी वर जाऊन सांगतो, मगच पोल उघडतो.

याहून मोठी काळजी विजेच्या तारांची. गणपतीत मांडवांपाशी मुलं ॲल्युमिनियमचे पोल डोक्यावर नाचवताना दिसतात तेव्हा छातीत धस्स होतं. ॲल्युमिनियममधून वीज वाहते हे त्यांना माहीत असतं. कार्बन फायबरमधूनही वाहते हे बहुतेकांना माहीत नसतं, ते त्याला प्लास्टिकच समजतात. फायबरग्लास कोरडा असेपर्यंत बरा, पावसात भिजला की त्याचाही भरवसा नाही. रेल्वे आणि आपल्या मेट्रोच्या वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिथे तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो. माझा नियम एकच: पूर्ण उघडलेला पोल कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचता कामा नये. तेवढी जागा नसेल तर तो फोटो सोडून द्यायचा. गर्दीत तर एकट्याने पोल उभारूच नये. वीस फुटी पोल पाच अंश कलला, तर वरचा कॅमेरा पावणेदोन फूट बाजूला जातो. वाऱ्याची झुळूक आली की एका माणसाला तो सावरणं कठीण. बुडाशी दुसरा माणूस हवाच.

महापालिका, पुरातत्त्व खातं आणि पोलिसांनी आपापल्या परवानगीच्या कागदांत पोलचा वेगळा उल्लेख करावा. उंचीची मर्यादा, तारांपासूनचं अंतर, दोन माणसांची सक्ती, घरमालकाची संमती, एवढं लिहिलं तरी पुरे. पाहिजे तर शुल्क घ्या, ओळखपत्र मागा. पण 'तेच ते' म्हणून दारातून परत पाठवू नका.

सध्या कसब्यातल्या एका वाड्याचं काम अर्धं राहिलं आहे. मालक पावसाळ्यानंतर तो उतरवणार आहेत. संबंधित अधिकाऱ्यांपैकी कुणाला पोल प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर त्यांनी सकाळी सातला तिथे यावं. बुडाशी धरायला मला एक माणूस लागतोच.

– एक निवृत्त ड्राफ्ट्समन, सदाशिव पेठ, पुणे