जमा-नावे

अंबाजोगाई,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. चार वर्षांत मी तुला एकही धड पत्र लिहिले नाही, आणि तुझ्या दिवाळीच्या चार ओळींना पणतीचे चित्र पाठवून मोकळा होत आलो, याची मला पुरेपूर लाज आहे. प्रकृती ठीक. साखर गोळीवर आहे, गुडघा फक्त जिन्यावर बोलतो. आता मुद्द्यावर येतो, कारण हा मुद्दा घरात कोणाला सांगितला तर ‘एवढंच ना?’ म्हणतील, आणि तू तसे म्हणणार नाहीस, एवढे मला नक्की ठाऊक आहे.

गेल्या गुरुवारी आपल्या पत्रिकावाल्या अण्णांची धाकटी घरी आली होती. ती आता संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर लिनक्सची उबुंटू ही प्रणाली आहे. तिने त्यावर आपला एडिटर, म्हणजे आपण तिघांनी मराठीत आणलेला तो मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, टाकला, भाषा मराठी केली, आणि कौतुकाने मैत्रिणींना दाखवायला ‘मदत’, मग ‘विषयी’, मग ‘श्रेय’ अशी खिडकी उघडली. तिथे ‘अनुवादक’ या शब्दाखाली एकच नाव आहे. माझे. तिने तक्रार केली नाही. चहा घेतला, सुपारी नको म्हणाली, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, “काका, हे सगळं तुम्ही एकट्यानंच केलं का? बाबा तर म्हणायचे की आम्ही तिघं बसायचो.” त्यानंतर तिने पिशवीतून ती वही काढली.

तुला ती वही आठवत असेलच, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाची. अण्णांनी त्यात ‘जमा’ या रकान्यात इंग्रजी शब्द लिहिले होते आणि ‘नावे’ या रकान्यात मराठी. मी ती पहिल्यांदाच शांतपणे वाचली. ‘अनडू’च्या (केलेले मागे घेणे) समोर पाच शब्द लिहून पाचही खोडले आहेत आणि शेवटी बारीक अक्षरात ‘मास्तरांना विचारणे’ असे आहे. मास्तर म्हणजे तू. ‘वर्ड रॅप’पुढे (न मावणारे शब्द खालच्या ओळीत नेणे) ‘ओळ मोडा’ आहे. लोक घाबरतील, ओळ तुटली म्हणून फोन करतील, असे मी म्हटले होते, तेव्हा अण्णा म्हणाले होते की पंचवीस वर्षे मी ओळी मोडतोच आहे, एकही रडत आली नाही. ‘सेव्ह’ या शब्दाला मात्र तिथे अख्खे पान दिलेले आहे. तुझे ‘साठवा’, माझे ‘जतन करा’, त्यांचे स्वतःचे ‘ठेवा’, आणि तिन्हींपुढे तिघांच्या सह्या, जणू ग्रामपंचायतीचा ठराव. तू मला त्या रात्री ‘जतन म्हणजे काय लोणचं आहे का?’ असे विचारले होतेस आणि रागाने सायकल घेऊन निघून गेला होतास. चाक पंक्चर होते, त्यामुळे दहा मिनिटांनी परतलास.

तर वहीतले दोन तृतीयांश शब्द जसेच्या तसे आज एडिटरमध्ये आहेत, आणि नावे पडले आहेत माझ्या.

हे कसे झाले ते तुला सांगायला नको, पण स्वतःशी नीट मांडावे म्हणून लिहितो. आपल्या तिघांत नेट फक्त माझ्याकडे होते, तेही भारनियमनातून उरलेल्या तासांत. अण्णा दुकानातल्या संगणकावर, लग्नपत्रिकांच्या कामातून वेळ काढून, पीओ फाइल, म्हणजे इंग्रजी वाक्ये आणि त्यांची भाषांतरे असलेली फाइल, भरायचे आणि पेनड्राइव्ह पोराच्या हाती पाठवायचे. मी ती फाइल पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचो, एखादा स्वल्पविराम हलवायचो आणि सेव्ह करायचो. आता पोएडिटची खोड अशी की सेव्ह करणाऱ्याचे नाव तो फाइलच्या माथ्यावर ‘लास्ट-ट्रान्सलेटर’ म्हणून आपणहून लिहितो. म्हणजे सहाशे वाक्ये अण्णांची, एक स्वल्पविराम माझा, आणि शेवटचा अनुवादक मी. त्याच्याही वर, जिथे मूळ अनुवादकाचे नाव घालायचे असते, तिथे आजतागायत ‘फर्स्ट ऑथर’ हे नमुन्याचे इंग्रजी शब्द तसेच पडून आहेत. पत्रिकेत ‘येथे वराचे नाव लिहावे’ असे छापून यावे, तसे. अण्णांच्या दुकानातून असली पत्रिका बाहेर पडली असती तर त्यांनी स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती पुन्हा छापल्या असत्या.

आणि गंमत पाहा, नावांच्या बाबतीत त्या माणसाइतका जाणकार आपल्या पाहण्यात दुसरा नव्हता. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, खाली किलबिल, मामाकडचे कोण, आत्याकडचे कोण, कोणाचे नाव कोणाच्या वर गेले तर मांडवात कोण तोंड फिरवील, हे सगळे त्यांना पाठ. “एक नाव राहू द्या, मग बघा वरात कुठं अडते ते,” असे ते गिऱ्हाइकाला बजावायचे आणि प्रूफ तीनदा वाचून घ्यायचे. त्यांचे स्वतःचे नाव मात्र पत्रिकेवर कधीच नसे. अगदी तळाला, बारीक टायपात, दुकानाचे नाव आणि फोन नंबर तेवढा.

आता तुझे. तुझ्या बाबतीतला गुन्हा जास्त मोठा आहे, म्हणून तो मागे ठेवला.

तुझा तो अर्ध्या ‘र’चा पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली छोटी दुरुस्ती. ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला की एडिटर ‘सापडले नाही’ म्हणायचा, आणि शब्द तर समोर पडद्यावर धडधडीत दिसायचा. आपण दोन दिवस फॉन्टला शिव्या दिल्या. मग तूच शोधून काढलेस की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, हा ‘ऱ्य’ दोन वाटांनी येतो: एक, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे ते अदृश्य जोडचिन्ह, दुसरी, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन निराळे शब्द. अण्णांच्या जुन्या फॉन्टमधून बदलून आलेला मजकूर पहिल्या वाटेचा होता आणि आपण इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकत होतो तो दुसऱ्या. हिंदीवाल्यांना याचा पत्ताच नव्हता, कारण हा र त्यांच्या लिखाणात येत नाही. त्यामुळे तऱ्हा, दऱ्या, वाऱ्या, सगळे मराठीच्या वाट्याचे दुखणे. तू शोधताना दोन्ही रूपे एकच मानणारा बदल लिहिलास, दोन रात्री जागून, मोजून अकरा ओळी. ग्नू ईमॅक्स या दुसऱ्या एका एडिटरचे लोक साधारण पंधरा ओळींपर्यंतच्या बदलाला स्वामित्वहक्काचे कागदही मागत नाहीत, इतका तो त्यांच्या हिशेबी किरकोळ असतो. तुझा म्हणजे किरकोळातही किरकोळ. पण आज कोणी मराठी माणूस आपल्या एडिटरमध्ये ‘सुऱ्या’ शोधतो आणि त्याला ‘सुऱ्या’ सापडतात, त्या तुझ्यामुळे.

तो पॅच तू मला मेलने पाठवलास आणि मी तो माझ्या नावाने कमिट केला. गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या त्या व्यवस्थेत, तुला माहीतच आहे, प्रत्येक बदलापाशी दोन माणसांना जागा असते. ऑथर म्हणजे ज्याने लिहिले तो, आणि कमिटर म्हणजे ज्याने आत घातले तो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, कारण लिनक्सच्या कामात लिहिणारा एक आणि आत घेणारा दुसरा, असेच रोज चालते. तिथे चूक कळवणाऱ्यासाठी आणि तपासून पाहणाऱ्यासाठीही वेगवेगळ्या ओळी लिहायची रीत आहे. तू भांडलास तेव्हा मी तुला सांगितले की ऑथर वेगळा लिहिता येतो हे मला ठाऊकच नव्हते. बंडू, ते खोटे होते. मला ठाऊक होते. त्याच महिन्यात एका जर्मन पोराचा बदल मी त्याच्या नावाने नीट आत घातला होता, कारण तो परका होता आणि विचारील अशी भीती होती. तू घरचा होतास. घरच्या माणसाला पान वाढायचे राहिले तरी चालते, असा काहीसा तो हिशेब असावा. त्याशिवाय, खरे सांगायचे तर, आपल्या नावापुढचा आकडा वाढताना पाहण्याची चटक मला लागली होती. कोणाचे किती बदल ते मोजणारी ‘शॉर्टलॉग’ ही आज्ञा चालवून रोज सकाळी बघायचो, दुधाच्या हिशेबासारखे.

विम या एडिटरचे ब्राम मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. १९९१ पासून तो एडिटर त्यांनी सांभाळला. त्यांच्याकडेही वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे बदल त्यांच्याच नावाने आत जात, पण बदलाच्या टिपणाच्या शेवटी ज्याने तो केला त्याचे नाव ते कंसात लिहीत. जुनी टिपणे उघडून पाहा, कंसच कंस. यंत्राच्या मोजणीत ती नावे येत नसतील, पण वाचणाऱ्याला दिसतात. मला एक कंस लिहायला काय झाले होते?

आणि आपल्याकडे तर ही रीत त्याहून कितीतरी जुनी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ सांगताना टीका ज्ञानेश्वरांनी केली असे म्हटले आहे, आणि लगेच पुढे सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले हेही. ऑथर आणि कमिटर, एकाच ओवीत. पुढे शके १५०६ मध्ये पैठणला नाथांनी प्रत शुद्ध केली, तीही नोंद त्यांनी वेगळी ठेवली, आणि यात कोणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल असा दम दिला. प्रकल्प सांभाळणारा इतका कडक मेंटेनर मी दुसरा पाहिला नाही. (हे तुला सांगतो आहे, उद्या कीर्तनात सांगशील तर माझे नाव सांगू नकोस. किंवा सांग. बघ, पुन्हा नावावरच आलो.)

आता दुरुस्तीचे. आधी वाटले, जुन्या नोंदीच बदलून टाकाव्यात. पण गिटमध्ये प्रत्येक नोंदीची खूण तिच्या आधीच्या नोंदीवर बेतलेली असते. मागची एक ओळ हलवली की पुढच्या सगळ्या खुणा बदलतात, आणि जगभर ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांच्या डोक्याला ताप. सातबाऱ्यावर खाडाखोड केल्यासारखेच ते. मग मेलमॅपची फाइल पाहिली. ती एका माणसाच्या चार स्पेलिंगांना एकत्र आणते. एका नावामागून तीन माणसे बाहेर काढायची सोय तिच्यात नाही. उरली दोन ठिकाणे: हाताने लिहायची ‘ऑथर्स’ फाइल, आणि ‘श्रेय’ खिडकीतले ते एक वाक्य, ज्याचे भाषांतर करायचे नसते, तर त्या जागी अनुवादकांची नावे लिहायची असतात. मेंटेनरला मी सगळे कळवले, खोटे बोललो त्यासकट. त्याचे दोन ओळींचे उत्तर आले: सुधारलेली फाइल पुढच्या सोमवारच्या आत पाठवा, त्यानंतर वाक्ये गोठतील, म्हणजे बदलता येणार नाहीत. मला रागावलाही नाही. त्याने मला जास्त टोचले.

यादी लिहायला बसलो तर सरळ काम निघाले नाही. अण्णा, तू, मी, इथवर ठीक. पण सरकारी नोकरीतला आपला तो मित्र, ज्याने तीनशे वाक्ये तपासली आणि ‘माझं नाव कुठंही येऊ देऊ नका’ म्हणाला, त्याचे काय? तेव्हाची अडचण आता राहिली नसेल, तो निवृत्त झाला आहे. पण न विचारता नाव घालणे हे नाव गाळण्याइतकेच वाईट, आणि हे सगळे कायमचे जाहीर राहते, पुसता येत नाही. त्याला फोन केला. म्हणाला, “विचार करून सांगतो,” आणि बदली झालेल्या साहेबाविषयी अर्धा तास बोलला. पेनड्राइव्ह आणणाऱ्या पोराचे नाव घालावे का? तू म्हणशील, मग इन्व्हर्टरवाल्याचेही घाल. मी त्या पोराचे घातले आहे. इन्व्हर्टरवाल्याचे नाही, त्याने पैसे घेतले होते, आणि बॅटरी जुनी दिली होती.

तुझी धाकटी दहावीला ना? निकालाचे कळव. घराचे हप्ते संपत आले असतील. वहिनींना नमस्कार, आईंची प्रकृती कशी आहे तेही लिही.

आता मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, तुझे नाव घालू का? नको म्हणालास तर वाद घालणार नाही, निदान सोमवारपर्यंत. दोन, ते कसे लिहू? आडनावात तू पूर्वी ऱ्हस्व लिहायचास आणि आधार कार्डावर दीर्घ झाले आहे. तीन, अण्णांच्या नावाआधी ‘कै.’ लावायचे का? पत्रिकेत ते न चुकता लावायचे, तेही एक टाइप लहान. त्यांच्या मुलीला विचारले तर म्हणाली, “मास्तरकाका म्हणतील तसं.” वर्णानुक्रमाने लावले की अण्णा आपोआप पहिले येतात. ‘कै.’ धरून लावले तर नाही, हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचले.

फाइल सोबत जोडली आहे. अण्णांचे आणि माझे नाव टंकले आहे, तुझी जागा मोकळी सोडली आहे. मी ती पोएडिटमध्ये उघडून सेव्ह केली तर माथ्यावर पुन्हा माझेच नाव चढेल, म्हणून साध्या एडिटरमध्ये लिहून ठेवली आहे. जे काय घालायचे ते घाल आणि शेवटचे सेव्ह तू कर. बटणावर अजून ‘जतन करा’च आहे, तेवढे सोसून घे.

तुझा,
पिंट्या