ही रेषा कागदावरच पाहायला हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आरेखक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं रूलिंग पेन आणि टी-स्क्वेअर (टी आकाराची पट्टी) यांवर गेली. दोन पात्यांमधलं अंतर स्क्रूने जुळवून रेषेची जाडी ठरवायची. शाई जास्त झाली की ती पट्टीखाली पसरते, हात अडखळला की ठिपका उमटतो आणि तो ब्लेडने खरवडावा लागतो. त्यामुळे २०१३ साली दिल्लीत किरण नादर संग्रहालयात चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या नुसत्या रेषांच्या चित्रांसमोर उभा राहिलो, तेव्हा ‘यात चित्र कुठंय?’ असं माझ्या मनातही आलं नाही. मी सांधे शोधत होतो. पेन कुठे उचललं, पुन्हा कुठे टेकवलं? मला सापडलं नाही.

अवजारं आमचीच, पण आराखडा कशाचाच नाही. काही कागदांवर नुसती जाळी आहे. पुढच्या काळातल्या तिरक्या रेषा मोकळ्या कागदातून अचानक निघतात, दाटतात आणि विरत विरत नाहीशा होतात. बहुतेकांना शीर्षक नाही, तारीखही नाही. अखेरच्या वर्षांत आजारामुळे नसरीन यांना हातावर ताबा ठेवणं कठीण झालं होतं, तरी रेषा हलली नाही. हे मी केवळ नवल म्हणून सांगत नाही. तशी रेषा मारायला श्वास धरावा लागतो, हे मला माहीत आहे.

नसरीन १९३७ साली कराचीत जन्मल्या. लंडनमध्ये शिकल्या, मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूट या कलाकेंद्रात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सहवासात काम केलं आणि १९७२पासून बडोद्याला शिकवलं. १९९० साली त्यांचं निधन झालं, ते आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. किहीम म्हटलं की पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि सुगरण पक्षी आठवतात, नसरीन आठवत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१६ साली मेट ब्रॉयर ही शाखा उघडली, ती त्यांच्या प्रदर्शनासह. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फार थोडं वाचायला मिळतं.

मला वाटतं, याचं एक कारण छपाईत आहे. केसाएवढी रेषा लहान करून छापली की छपाईच्या बारीक ठिपक्यांत तुटते. मोबाइलवर तर जवळजवळच्या रेषांच्या भलत्याच लाटा दिसतात. तैलचित्राचा फोटो पाहून निदान अंदाज येतो. इथे तोही येत नाही, म्हणून पाहणारा पान उलटतो.

म्हणून दोन विनंत्या. रीतसर परवानगी घेऊन आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्या एखाद्या शाईच्या चित्राचा तुकडा मूळ आकारात, चांगल्या कागदावर छापा. अर्ध्या पानात काही इंच मावले तरी चालतील. आणि मुंबईतल्या संग्रहालयांनी कागदावरची कामं वर्षातून दोन-तीन महिने तरी बाहेर काढावीत. उजेडाने कागद खराब होतो, म्हणून ५० लक्सइतक्या मंद प्रकाशात ती दाखवतात. तेवढा उजेड पुरतो. डोळे सरावले की रेषा दिसू लागतात.

आपला,
एक निवृत्त आरेखक