गोळ्या छापायच्या तर आधी काटा घ्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात थ्रीडी प्रिंटरने एकेका रुग्णाच्या मापाच्या गोळ्या बनवण्याची सोय करावी, ही आमची मागणी आहे. यंत्र विकत घेणे हा यातला सर्वांत सोपा भाग. घोटाळे होतात ते त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

ॲड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीचा जन्मजात विकार असलेल्या बाळाला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे ती ग्रंथी पुरेसे बनवू शकत नाही त्या संप्रेरकाची जागा घेणारे औषध, जन्मभर लागते. मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते : दर चौरस मीटरमागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून. पृष्ठफळ ०.३ चौरस मीटर असलेल्या तान्ह्या बाळाला एका वेळी साधारण १.२५ मिलिग्रॅम. बाजारातली गोळी ५, १० किंवा २० मिलिग्रॅमची. मग ५ च्या गोळीचे चतकोर करायचे, नाहीतर ती कुटून पुड्या बांधायच्या. चतकोर सारखे होत नाहीत. पाण्यात कालवले तर हे औषध विरघळत नाही, तळाशी बसते. वरवरचे पाणी पाजले की मात्रा कमी पडते. कमी पडत राहिली तर साध्या तापातही बाळ कोसळू शकते, जास्त होत राहिली तर उंची खुंटते. हृदयविकाराच्या मुलांना लागणाऱ्या प्रोप्रानोलॉल, कॅप्टोप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांच्या गोळ्यांचेही असेच तुकडे करावे लागतात. जत-आटपाडीहून किंवा सीमेपलीकडच्या अथणीहून मिरजेला येणाऱ्या आईबापांवर ही ब्लेडने करायची वाटणी सोपवणे आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेली स्प्रिटॅम ही फेफऱ्यावरची थ्रीडी प्रिंटरची गोळी पावडरच्या थरांवर द्रव सोडून बनते. ती कारखान्याची पद्धत. प्लास्टिकसारखी तार वितळवून थर देणारे प्रिंटर स्वस्त मिळतात, पण त्यांची उष्णता बहुधा १५० अंश सेल्सियसच्या वर असते आणि कित्येक औषधे त्यात खराब होतात. रुग्णालयाला झेपेल ती पद्धत म्हणजे सिरिंजमधून लगदा दाबून, मेंदीच्या कोनासारखी रेघ ओढत, थरावर थर देणे.

एका बाळाचा महिन्याचा हिशेब असा. दिवसाला ३ म्हणजे ९० गोळ्या. पण छापायच्या १०५ : नळी भरताना हलक्या उतरणाऱ्या पहिल्या ३ टाकायच्या, १० तपासणीत संपतात, २ नमुना म्हणून राखायच्या. गोळी १२५ मिलिग्रॅमची, त्यात औषध १ टक्का. सिरिंजला चिकटून राहणारे धरून, सुकल्यावर १५ ग्रॅम भरेल इतका लगदा करायचा; त्यात हायड्रोकॉर्टिसोन १५० मिलिग्रॅम. पावडरी १०० नंबरच्या चाळणीतून गाळायच्या. खलात आधी औषधाइतकेच लॅक्टोज (भर म्हणून घालायची दुधातली साखर), मग दुप्पट-दुप्पट करत उरलेले. घाईने एकदम मिसळले की औषध एका कोपऱ्यात राहते. मग हायप्रोमेलोज (लगद्याला चिकटपणा देणारी पावडर) आणि टूथपेस्टइतका घट्टपणा येईल एवढे पाणी. (जिलेटिनचा लगदा छान वाहतो, पण ते प्राणिज, आपल्याकडे अनेक घरांत चालणार नाही.) छापलेल्या गोळ्या ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवायच्या. देताना चमचाभर पाण्यात पूर्ण पसरवून सगळे पाजायचे, चमचा विसळून तेही. बाळ वाढले की लगदा तोच, फक्त १.५ मिलिग्रॅमसाठी गोळी १५० मिलिग्रॅमची. सगळा फायदा इथे आहे.

आता काय बिघडते ते. लगद्यात हवेचा बुडबुडा राहिला की गोळी हलकी. चाळणी नीट झाली नाही तर ०.८ मिलिमीटरचे नोझल (सिरिंजचे तोंड) तुंबते. लगदा पातळ असला तर औषध सिरिंजमध्ये खाली बसते. पहिल्या आणि शेवटच्या गोळीत फरक पडतो, आणि तो वजनात दिसत नाही. पितळी नोझलमध्ये शिसे असू शकते, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच हवे. सिरिंज एका रुग्णानंतर फेकायची, धुवायची नाही. मधेच वीज गेली तर परत आल्यावर काही यंत्रे उरलेली अर्धी गोळी बिनधास्त पुढे छापतात; ती टाकलीच पाहिजे.

म्हणून निविदा काढताना प्रिंटरच्या आधी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एचपीएलसी (गोळीत औषध किती आहे ते मोजणारे यंत्र) आणि आर्द्रता नियंत्रित खोली घ्यावी. भारतीय औषधकोशानुसार १२५ मिलिग्रॅमच्या गोळीच्या वजनात साडेसात टक्के, म्हणजे सव्वानऊ मिलिग्रॅमच्या आसपास फरक चालतो. औषध १० मिलिग्रॅमहून कमी असल्याने प्रत्येक गोळीतले औषधही वेगळे मोजावे लागते. हे मोजता येत नसेल तर छापूच नये. त्यापेक्षा काळजीने बांधलेली पुडी बरी.

कायद्याचा प्रश्नही आजच सोडवायला हवा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३(एफ) मध्ये किरकोळ व्यवसायात औषध मिसळून देणे ‘उत्पादन’ धरलेले नाही. रुग्णालयातल्या फार्मासिस्टने छापलेली गोळी त्यात बसते का, हे कुणी लेखी सांगितल्याशिवाय एकही फार्मासिस्ट सही करणार नाही, आणि करूही नये. ब्रिटनने रुग्णाजवळ बनणाऱ्या औषधांसाठी स्वतंत्र नियम केले. ते जुलै २०२५ पासून लागू आहेत. आपला कायदा केंद्राचा असल्याने अन्न व औषध प्रशासनामार्फत केंद्रीय औषध नियंत्रकांकडे राज्याने रीतसर विचारणा करावी.

सुरुवात फक्त मिरजेत, फक्त हायड्रोकॉर्टिसोनने करावी. साताऱ्यासारख्या दुसऱ्या ठिकाणी यंत्र नंतर द्यावे. पहिल्या गोळ्या रुग्णांसाठी नकोत, तपासणीसाठीच छापाव्यात, आणि त्या जून ते सप्टेंबरमध्ये. हायप्रोमेलोज ओल ओढते, गोळ्या एकमेकींना चिकटतात, वजन वाढते. एप्रिलमध्ये आलेले चांगले निकाल पावसाळ्यात मिरजेत काय होईल ते सांगत नाहीत.

आपले,
सांगली-मिरजेतील औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक आणि रुग्णालयांतील फार्मासिस्ट