जुन्या बंदुकीचे अर्धवट भाग मागवताय?

संपादक साहेब, आपल्या गोव्यात जुन्या घरांच्या माळ्यावर पोर्तुगीज काळातली ठासणीची बंदूक, नाहीतर तिची गंजकी नळी सापडते, आणि आता काही हौशी मंडळी अर्धवट घडवलेले घोडे-चाप बाहेरून ऑनलाइन मागवायच्या गोष्टी करायला लागलीयत. अमेरिकेत चालतं म्हणे! अहो, तिथला 1968 चा बंदूक कायदा 1898 पर्यंत बनलेल्या बंदुकांना अँटिक मानून सूट देतो, पण ते तिथे. आपला 1959 चा शस्त्र कायदा, त्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भागपण येतात. कलम 45 मध्ये सूट आहे, पण दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा जुनाट हत्याराला, नुसतं आजोबांच्या वेळचं आहे म्हणून नाही.

आणि मटेरियलचं काय? जाहिरातीत पॉलिश चकचकीत, पोलाद कुठलं त्याचा पत्ता नाही. जुन्या नळ्या काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या दाबासाठी बनलेल्या, आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्याहून कितीतरी जास्त, नळी फुटली तर हात गेलाच म्हणून समजा.

शोभेची वस्तू कुठली आणि लायसन्स कशाला लागतं, एवढं जिल्हाधिकारी कार्यालयाने मराठी-कोकणीत एका पानावर लिहून पंचायतीत लावावं.

– एक वाचक, फोंडा