डाऊन स्लीपिंग बॅग घेण्याआधी

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

पाठीवरचं ओझं कमी करायला तू डाऊनची, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांची, स्लीपिंग बॅग घेतोयस, हे फार बरं केलंस. फक्त लेबलवरच्या 850 च्या आकड्यावर भाळू नकोस. ती झाली फिल पॉवर: एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम डाऊन फुलून किती घनइंच जागा व्यापतं ते. त्यावरून डाऊनचा कस कळतो, बॅगेची ऊब नाही. त्यासाठी आत डाऊन किती ग्रॅम भरलंय, म्हणजे फिल वेट, तेही विचारायला हवं. 850 चं 350 ग्रॅम आणि 700 चं 425 ग्रॅम, दोन्ही गुणाकार करून बघ; फुगवटा सारखाच येतो. वाचतात ते 75 ग्रॅम. तेवढ्यासाठी किती जास्त पैसे मोजायचे ते तू ठरव. पण 850 चं जेमतेम 200 ग्रॅम भरलेली बॅग कडाक्याच्या थंडीत कुडकुडायला लावेल. फिल वेट सांगतच नसतील, तर ती बॅग घेऊच नकोस.

तापमानाचे आकडे आयएसओ 23537 चाचणीचे आहेत ना, ते पाहा. त्यातला कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल त्या तापमानाचा आकडाच धर. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निभावते ते तापमान, आणि एक्स्ट्रीम तर नुसता जीव वाचण्यापुरता. तुला थंडी चटकन वाजते, तेव्हा अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंश खालचा कम्फर्ट घे.

मॅटवर कंजूषी मात्र करू नकोस. अंगाखाली दबलेलं डाऊन फुलत नाही, त्यामुळे जमिनीचा गारवा अडवायचं काम मॅटचंच. शून्याच्या आसपास झोपायचं तर मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे गारवा अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, 4 च्या जवळपास हवी.

दुकानात बॅग पूर्ण फुलू दे, मग उजेडासमोर धर. कप्प्यांत डाऊन एका बाजूला सरकलेलं असेल तर मधल्या रिकाम्या जागा लगेच दिसतात. शिवणही बघ. आतलं आणि बाहेरचं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असेल, तर त्या रेषेवर डाऊनच उरत नाही आणि गारवा तिथूनच शिरतो. उन्हाळ्यापुरतं ते चालतं. थंडीसाठी दोन्ही कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या असलेली, बॉक्स बॅफलची बॅग घे. चेनच्या मागे डाऊन भरलेली पट्टी आणि गळ्याशी कॉलर हवीच. हलकी बॅग म्हणून या दोन गोष्टी गाळलेल्या असतात, आणि वजन वाचवायची ती सगळ्यात चुकीची जागा.

आत शिरून कुशीवर वळ. खांदे कापडाला ताणत असतील किंवा पाय टोकाला टेकत असतील, तर तिथलं डाऊन दबणार आणि नेमका तोच भाग गार पडणार. उलट फार ऐसपैस बॅग गरम व्हायला वेळ घेते.

झोपताना तोंड आत घेऊ नकोस. श्वासाच्या वाफेनं डाऊन ओलसर होऊन बसतं. घरी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेव, दाबून कधीच नको.

मनात भरलेल्या बॅगांचं फिल वेट, खांद्याचा घेर आणि कम्फर्टचा आकडा कळव. ताडून पाहू.

तुझा,
नितीन