साचा ओतत नाहीत, वाढवतात

संपादक महोदय,

ग्रामोफोन रेकॉर्ड पुन्हा बाजारात आल्याबद्दलचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र रेकॉर्डचा साचा धातूचा रस ओतून करतात, असं त्यात म्हटलंय, तिथे अडखळलो. मुंबईतल्या एका रेकॉर्ड कारखान्यात प्लेटिंग खात्यात, म्हणजे विजेने धातूचा थर चढवतात तिथे, मी अकरा वर्षं काढली. रस कसला ओतता? गाणं आधी कोरतात त्या लॅकरच्या तबकडीवरच्या खाचा त्या उष्णतेत क्षणात वितळून जातील.

लॅकरवर आधी चांदीचा फवारा मारतात, मग ती निकेल सल्फामेटच्या टाकीत सोडतात. विजेने निकेल कणाकणाने तिच्यावर चढतं. ते सोलून काढलं की झाला फादर, खाचांच्या जागी उंचवटे असलेला उलटा ठसा. त्यावरून मदर, म्हणजे पुन्हा खाचा असलेली धातूची प्रत, आणि मदरवरून स्टॅम्पर. रेकॉर्ड दाबतो तो हाच, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा.

टाकी मात्र लहरी. पीएच, म्हणजे सोल्युशनच्या आंबटपणाचा आकडा (आंबटपणा वाढला की तो उतरतो), ४ च्या आसपास हवा, पण टाकी चालू असली की तो हळूहळू वर सरकतो, कारण थोडी वीज निकेलऐवजी हायड्रोजन सोडण्यात जाते. मग मोजून सल्फॅमिक ॲसिड घालायचं. जास्त पडलं तर तो पुन्हा वर आणायला निकेल कार्बोनेट. लिटरमागे ३०-४० ग्रॅम बोरिक ॲसिड हा चढउतार आवरतं. रविवारी हीटर बंद राहिला की सोमवारी तळाशी त्याचेच पांढरे खडे बसलेले दिसायचे. त्या हायड्रोजनचा बुडबुडा सुरुवातीलाच चिकटून बसला तर स्टॅम्परमध्ये तिथे खड्डा राहतो आणि रेकॉर्डवर उठतो उंचवटा. एलपी ऐकताना दर १.८ सेकंदांनी, म्हणजे फेरीगणिक, 'टक्' ऐकू येतं ना, त्यात सुईचा दोष दर वेळी नसतो.

एका रात्रपाळीत आमचा थर्मोस्टॅट अडकला. ५० अंशांवरची टाकी सकाळी ७८ वर! सोल्युशन दिसायला होतं तसंच हिरवंगार. पण फार तापलं की सल्फामेट फुटतं, त्यातून अमोनियम आणि सल्फेट तयार होतं आणि निकेलमध्ये ताण भरतो. त्या दिवशीचा पहिला स्टॅम्पर मदरवरून सोडवला, तर निखाऱ्यावरच्या पापडासारखा वळला. कोळशाने गाळूनही हा दोष जात नाही. अर्धी टाकी उपसून नवं सोल्युशन भरलं. उपसलेलं कुठे गेलं, हे त्या वयात मी विचारलं नाही; आज विचारलं असतं.

लेखासोबत आपण रेकॉर्ड दाबणाऱ्या प्रेसचे फोटो दिलेत. पुढच्या खेपेला छायाचित्रकाराला प्लेटिंग खात्यातही पाठवा. फक्त टाकीवर वाकण्याआधी त्याच्या खिशातली चिल्लर काढून ठेवायला सांगा. आमच्याकडे तांब्याचा एक हुक आत पडला होता. सोल्युशनमध्ये उतरलेलं तांबं ओढून घ्यायला दोन दिवस मंद करंटवर भंगारातले धातूचे पत्रे टांगून बसलो होतो.

– एक निवृत्त प्लेटिंग पर्यवेक्षक, डोंबिवली